टीएचटी सत्तर टक्क्यांनी खाली आला, पण इन्सुलिनचे तंतू खरंच थांबलेत का?

धीमी_लोकल

साखर टांगलेल्या पॉलिमरने इन्सुलिनचं ॲमिलॉइड (उलगडलेल्या प्रथिनाचे एकमेकांत रचलेले चिवट तंतू) अडतं का, ते तपासतोय. निकाल हातात आहे, पण त्यावर कितपत विसंबायचं कळत नाही. आकडे सगळे देतो.

पॉलिमर: ग्लुकोनोलॅक्टोनपासून केलेला ग्लुकोनामिडोएथिल मेथाक्रिलअमाइड, राफ्ट (साखळ्यांची लांबी आटोक्यात ठेवणाऱ्या) पद्धतीने, साखळीत साधारण ४० एकक, एनएमआरवरून मोलर वजन १२,५०० च्या आसपास. डायलिसिस करून लायोफिलाइझ केला, म्हणजे गोठवून सुकवला. फिकट गुलाबी पावडर मिळाली.

प्रयोग: गाईचं इन्सुलिन २ मिग्रॅ प्रति मिली, २० टक्के ॲसिटिक ॲसिड, १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ६० अंश, ९६ खणांची प्लेट, दर वाचनाआधी हलवणं. थायोफ्लेविन टी (टीएचटी, तंतूंना चिकटला की चमकणारा रंग) २० मायक्रोमोलर, सुरुवातीपासूनच आत. उद्दीपन ४४०, उत्सर्जन ४८५ नॅनोमीटर.

निकाल: पॉलिमर १ मिग्रॅ प्रति मिली असताना शेवटची सपाट पातळी सत्तर टक्क्यांनी खाली. लॅग, म्हणजे चमक चढू लागण्याआधीचा वेळ, मात्र होता तेवढाच. तेवढ्याच वजनाचं सुटं ग्लुकोनामाइड घातलं तर काहीच फरक नाही.

गाइडना 'मल्टिव्हॅलन्सी' (एका साखळीवर अनेक साखरा, म्हणून पकड घट्ट) हा शब्द आवडलाय आणि पोस्टरचं शीर्षकही जवळजवळ ठरलंय. टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) नंबर लावण्याआधी काय तपासून घ्यावं?

तंतूवाद्य

पोस्टर छापायला टाकू नका अजून. लॅग तेवढाच, चढणीचा वेगही बहुधा तेवढाच, आणि फक्त वरची पातळी खाली, ही खूण तंतू थांबल्याची कमी आणि टीएचटी फसल्याची जास्त असते. खरा अटकाव असेल तर बहुतेक वेळा वेळेच्या अक्षावर काहीतरी हलतं: लॅग लांबतो, चढण आडवी होते, निदान अर्ध्या पातळीला पोहोचायची वेळ सरकते.

सगळ्यात स्वस्त चाचणी आधी. पॉलिमरशिवाय तंतू पूर्ण होऊ द्या, वक्र सपाट झाल्यावर आणखी दोन तास थांबा. त्यात टीएचटी आहेच. एका खणात पॉलिमरचं घट्ट द्रावण अशा बेताने घाला की अंतिम प्रमाण १ मिग्रॅ प्रति मिली येईल, शेजारच्या खणात तेवढंच नुसतं बफर. एका मिनिटाने वाचा, दहा मिनिटांनी वाचा. तयार तंतू मिनिटभरात विरघळत नाहीत. तरीही चमक उतरली तर पॉलिमर टीएचटीशी खेळतोय: एक तर त्याला तंतूवरच्या जागेवरून हुसकावतोय, नाही तर स्वतःकडे ओढतोय, नाही तर प्रकाशच गिळतोय.

प्रकाश गिळण्याची तपासणी वेगळी करा. नुसत्या पॉलिमरचं शोषण ४४० आणि ४८५ ला मोजा, तेवढ्याच उंचीच्या द्रवात. दोन्हीकडे ०.०५ च्या आत असेल तर तो मुद्दा सोडा. पण शोषण कमी म्हणून चमक विझवणं होत नाही असं नाही. तुमची पावडर गुलाबी आहे, म्हणजे टोकाला राफ्टमधून आलेला डायथायोबेंझोएट हा गुलाबी गट शाबूत आहे, आणि तो चमक विझवणारा म्हणून कुप्रसिद्धच आहे.

दुसरी गोष्ट, २० टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये पीएच दोनच्या आसपास असतो. तिथे टीएचटीचा एक हिस्सा प्रोटॉन घेतो, त्याचं शोषण बदलतं आणि सिग्नल आधीच अशक्त होतो. म्हणून टीएचटी आत ठेवण्याऐवजी नमुने काढून बाहेर वाचणारे बरेच आहेत. इथे एक सापळा आहे. २० टक्के ॲसिटिक ॲसिड म्हणजे साधारण ३.५ मोलर. त्यातले १० मायक्रोलिटर १ मिली फॉस्फेटमध्ये टाकले की ३५ मिलिमोलर आम्ल आत जातं. फॉस्फेट ५० मिलिमोलर असेल तर ७.४ चा पीएच सहाच्याही खाली येतो, आणि इन्सुलिनचा समविद्युत बिंदू (जिथे त्याचा एकूण भार शून्य होतो तो पीएच) ५.३ च्या आसपास आहे. सुटं इन्सुलिनही तिथे गढूळ होतं, प्रकाश विखुरतो, आकडा भलताच येतो. ५ मायक्रोलिटर नमुना, १ मिली १०० मिलिमोलर फॉस्फेट, असं केलंत तर पीएच सातला टिकतो. एकदा पीएच मीटर बुडवून खात्री करा, कागदी पट्टीवर जाऊ नका.

आता खरं मोजमाप. तंतू किती झाले यापेक्षा सुटं इन्सुलिन किती उरलं ते मोजा. २०० मायक्रोलिटर नमुना, २०,००० जी, एक तास, २० अंश. वरचे १०० मायक्रोलिटर हळूच उचला. इथे प्रत्येक सोपी पद्धत कुठेतरी दगा देते, तेवढं लक्षात ठेवा:

२७६ नॅनोमीटरचं शोषण: इन्सुलिनचं १ मिग्रॅ प्रति मिलीला साधारण १ येतं, पण डायथायोबेंझोएटचं मोठं शिखर ३०० च्या आसपास आहे आणि त्याची शेपटी २७६ वर पडते. ८० मायक्रोमोलर साखळी म्हणजे त्या शिखरावर १ च्या आसपास शोषण, म्हणजे इन्सुलिनच्या आकड्याशी सहज गल्लत.

ब्रॅडफर्ड: हा रंग मुख्यतः आर्जिनिन आणि लायसिनला धरतो. इन्सुलिनमध्ये दोन्ही एकेकच. रंग धड चढतच नाही.

बीसीए: तांब्यावर चालते, आणि तुमच्या साखळीवर हायड्रॉक्सिलांची रांग आहे, ती तांबं धरून ठेवते.

म्हणून रिव्हर्स फेज एचपीएलसी, म्हणजे कॉलममधून घटक वेगळे करून मोजणं. सी-१८, ३०० अँगस्ट्रॉम छिद्रांचा कॉलम, ०.१ टक्के ट्रायफ्लुओरोॲसिटिक ॲसिड, ॲसिटोनायट्राइल २० ते ६० टक्के वीस मिनिटांत, २१४ नॅनोमीटर. गरम आम्लात इन्सुलिनच्या ए-२१ ॲस्पॅराजिनचं डीअमायडेशन होतं, त्यामुळे मुख्य शिखराला चिकटून दुसरं शिखर उगवतं. ते इन्सुलिनच आहे, दोन्हींचं क्षेत्रफळ मिळवा. नाहीतर 'सुटं इन्सुलिन कमी झालं' असं वाटून फसाल.

साखरपेरणी

गुलाबी रंगाबद्दल वर लिहिलंय ते अर्धंच झालं. चमक विझवणं हा एक भाग. ते टोक तेलकटही आहे. ४० साखरेच्या एककांना एक बेंझिन-वलय असलेलं शेपूट म्हणजे हलकासा साबणच. असा रेणू हवा-पाण्याच्या सीमेवर जाऊन बसतो, प्रथिनाच्या तेलकट पट्ट्याला चिकटतो, आणि श्रेय मात्र साखरेला मिळतं. टोक काढल्याशिवाय साखरेबद्दल एकही वाक्य लिहू नये या मताचा मी आहे.

काढायचं कसं? अमाइनने तोडू नका. ब्यूटिलअमाइन टाकलं की पाच मिनिटांत रंग जातो हे खरं, पण साखळीच्या टोकाला थायॉल उरतो. इन्सुलिनच्या दोन साखळ्या डायसल्फाइडवर उभ्या आहेत. पीएच ७.४ ला तो थायॉल त्या बंधांची अदलाबदल घडवतो आणि तुम्ही अटकाव मोजताय की इन्सुलिनची मोडतोड, हे कुणालाच सांगता येत नाही. आम्लात थायॉल शांत बसतो, म्हणून पीएच २ च्या प्रयोगात हे दिसत नाही आणि सातला गेलं की आकडे उलटतात.

त्यापेक्षा जास्तीच्या इनिशिएटरने काढा. ५०० मिग्रॅ पॉलिमर म्हणजे ४० मायक्रोमोल. त्याला २० पट, म्हणजे ०.८ मिलिमोल, म्हणजे २२४ मिग्रॅ ॲझोबिस सायनोव्हॅलेरिक ॲसिड. पाणी-डीएमएफ मिश्रणात, नायट्रोजन सोडून, ८० अंशांवर चार तास. रंग गुलाबीवरून पांढऱ्यावर येतो. नाही आला तर तेवढाच इनिशिएटर पुन्हा. नंतर डायलिसिस आधी अगदी पातळ सोडियम बायकार्बोनेटमध्ये करा, म्हणजे इनिशिएटरचे आम्लधारी तुकडे मीठ होऊन बाहेर पडतील, मग नुसत्या पाण्यात दोन दिवस, दिवसाला तीनदा पाणी बदलून. ३०५ ला शोषण पाहा: सुरुवातीच्या दोन-तीन टक्क्यांवर आलं की पुरे.

आणि एक, पावसाळ्यात मुंबईत हे पॉलिमर तोलणं म्हणजे स्पंज तोलणं. जुलैत बाटली उघडून १० मिग्रॅ काट्यावर ठेवा आणि आकडा चढताना बघत बसा. पॉलिमर एकदाच, लायोफिलायझरमधून काढल्या काढल्या, अख्खं विरघळवा आणि २० मिग्रॅ प्रति मिलीचे छोटे भाग करून उणे वीसला ठेवा. खरं प्रमाण काढायचं तर १ मिली नमुना आधीच तोललेल्या कुपीत वाळवून तोला.

माटुंगा_रोड

मध्येच विचारतो. हाच पॉलिमर शून्यापासून करायचा तर प्रमाणं काय घ्यायची? शोधनिबंधांत 'पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे' लिहून मोकळे होतात.

साखरपेरणी

मोनोमर: ग्लुकोनोलॅक्टोन ५ ग्रॅम म्हणजे २८ मिलिमोल, ३० मिली कोरड्या मेथॅनॉलमध्ये. अमिनोएथिल मेथाक्रिलअमाइड हायड्रोक्लोराइड १.१ पट, ५.१ ग्रॅम. चिमूटभर हायड्रोक्विनोन. ट्रायएथिलअमाइन ४.६ मिली, थेंबाथेंबाने, बर्फावर. मग रात्रभर खोलीच्या तापमानाला ढवळा. मेथॅनॉल ओलं असेल तर लॅक्टोन पाण्याने उघडून ग्लुकोनिक ॲसिड होतं आणि उतारा घसरतो. उघडी बाटली इथल्या हवेत किती दिवस होती ते आधी आठवा. आयसोप्रोपॅनॉल घालून पांढरा गाळ पूर्ण पाडा, गाळा, आयसोप्रोपॅनॉलने आणि मग ॲसिटोनने नीट धुवा. एनएमआरवर १.२ आणि ३.१ पीपीएमला एथिलच्या खुणा दिसल्या तर ट्रायएथिलअमाइनचं मीठ राहिलंय, पुन्हा धुवा. मोनोमरचं मोलर वजन ३०६.३.

हे धुणं टाळणाऱ्यांचाच राफ्ट फसतो. उरलेला अमाइन डायथायोबेंझोएट तोडतो, भांडं गरम होता होता गुलाबी रंग उडतो आणि हाती येतो तो साधा, पसरट वजनांचा पॉलिमर.

पॉलिमर: मोनोमर १ ग्रॅम, म्हणजे ३.२७ मिलिमोल. लक्ष्य ५० एकक. राफ्ट एजंट सायनोपेंटानोइक ॲसिड डायथायोबेंझोएट १८.२ मिग्रॅ. ॲझोबिस सायनोव्हॅलेरिक ॲसिड ३.७ मिग्रॅ, म्हणजे राफ्ट एजंटच्या पाचास एक. दोन्ही ०.६५ मिली डीएमएफमध्ये, मोनोमर २.६ मिली पाण्यात, मग एकत्र. पीएच सातच्या खाली असल्याची खात्री करा, अल्कलीत हे टोक टिकत नाही. अर्धा-पाऊण तास नायट्रोजन, सुई द्रवात बुडवून, बाहेर जाणारी सुई वेगळी. ७० अंश, चार ते सहा तास. दर तासाला दोन थेंब काढून जड पाण्यात एनएमआर: ५.४ आणि ५.७ ची दुहेरी बंधाची शिखरं किती उरली यावर रूपांतर ठरवा. ८० टक्क्यांना थांबा, बर्फात बुडवून झाकण उघडा. ९५ पर्यंत ताणण्यात शहाणपण नाही, शेवटच्या टप्प्यात मेलेल्या साखळ्याच वाढतात.

८० टक्के म्हणजे ४० एकक, हिशेबाने १२,५००. साडेतीन हजारच्या पिशवीत डायलिसिस. जीपीसीवर (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारा कॉलम) पुलुलानच्या मापाने आकडा वेगळा येईल, तो सापेक्ष असतो, ७.४ ते ८ पीपीएमच्या बेंझिन-खुणांवरून काढलेला आकडा जास्त विश्वासाचा. अर्थात टोक काढण्याआधीच मोजायचा.

दारात_उभा

प्रयोगाच्या मांडणीबद्दल तीन गोष्टी, त्यातली पहिली सगळ्यात मोठी.

इन्सुलिनचे तंतू द्रवाच्या पोटात कमी आणि कडेला जास्त जन्मतात. हवा-पाण्याची सीमा, टेफ्लॉन, तेलकट प्लास्टिक, अशा पृष्ठभागांवर इन्सुलिन पसरतं, उलगडतं आणि बीज तयार होतं. तुम्ही प्लेट हलवता तेव्हा दर वेळी नवी सीमा तयार करता. मग तिथे आधीच जाऊन बसणारा कुठलाही रेणू 'इनहिबिटर' ठरतो. पोलोक्सामर १८८ किंवा ट्वीन २० चं ०.०१ टक्के द्रावण समांतर लावा. त्यानेही तेवढाच परिणाम दिसला तर साखरेचं नाव घ्यायचं कारण नाही. दुसरा मार्ग म्हणजे खण काठोकाठ भरणं, वर हवा न ठेवता पारदर्शक फिल्म लावणं आणि न हलवणं. लॅग वाढेल, पण त्याचा अर्थ लागेल. फिल्म तशीही हवीच. ६० अंशांवर कडेचे खण सुकतात, म्हणून त्यांत नुसतं पाणी भरा. आणि ॲसिटिक ॲसिडची वाफ प्लेट रीडरच्या आत फिरू देऊ नका, यंत्र सगळ्यांचं असतं.

दुसरी, तुलना कशाशी करताय. १ मिग्रॅ प्रति मिली पॉलिमर म्हणजे साखळ्या ८० मायक्रोमोलर, साखर ३.२ मिलिमोलर. तेवढ्याच वजनाचं सुटं ग्लुकोनामाइड म्हणजे ५.१ मिलिमोलर. इन्सुलिन ३५० मायक्रोमोलर. निबंध लिहिताना कुणी साखळ्यांच्या हिशेबाने सांगतं, कुणी साखरेच्या, आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे मग चाळीस पटींनी वेगळे दिसतात. दोन्ही द्या. आणि सुट्या साखरेइतकाच गरजेचा दुसरा संदर्भ: साखर नसलेला, पाण्यात विरघळणारा, तेवढ्याच लांबीचा पॉलिमर. हायड्रॉक्सिप्रोपिल मेथाक्रिलअमाइडचा, त्याच राफ्ट एजंटने, टोक त्याच पद्धतीने काढून. नुसता पीईजी पुरत नाही, कारण त्याचा कणाच वेगळा. या ओळीशिवाय 'मल्टिव्हॅलन्सी' हा शब्द पोस्टरवर शोभेपुरताच राहतो. लेक्टिन हे प्रथिन साखर ओळखतं, तिथे एकाच कण्यावर अनेक साखरा असल्याने पकड कैक पटींनी वाढते हे खरं. इन्सुलिनला साखर ओळखायची खाचच नाही.

तिसरी, मग साखरेचं पॉलिमर काम करतं ते कशाने? ट्रेहॅलोजसारखी सुटी साखर शेकडो मिलिमोलरला प्रथिनाभोवतालच्या पाण्याचा तोल बदलते, आणि घडी घातलेलं प्रथिन घडीतच राहणं पसंत करतं. मायक्रोमोलर पॉलिमर तो परिणाम करूच शकत नाही, आणि ॲमिलॉइड बीटाला (अल्झायमरमधलं पेप्टाइड) तर जपायला नेमकी घडीच नसते. उरतो तो थेट संपर्क: सुट्या प्रथिनाला धरणं, किंवा तंतूच्या टोकाला, किंवा त्याच्या कडेला. टोक धरणं हे विरार लोकलच्या दारात उभं राहण्यासारखं आहे, एकजण अडला की मागचे सगळे फलाटावर. टोकं मोजकीच असतात, त्यामुळे प्रथिनाच्या मानाने फार थोडा पॉलिमर पुरतो. सुटं प्रथिन धरायचं असेल तर मात्र जवळजवळ तोडीस तोड लागतो. तुमचा परिणाम कुठल्या प्रमाणात दिसेनासा होतो, एवढ्यावरूनही बरंच कळतं: ०.०१, ०.०३, ०.१, ०.३, १ आणि ३ मिग्रॅ, अशी दर पायरीला साधारण तिप्पट होणारी शिडी लावा.

कमी प्रमाण वगळू नका. काही नॅनोकण कमी प्रमाणात तंतू वाढवतात आणि जास्त प्रमाणात अडवतात, कारण कणाच्या पृष्ठभागावर प्रथिन दाटीने जमलं तर बीज, आणि पृष्ठभाग इतका जास्त झाला की प्रथिन विरळ पसरलं तर कैद. याचं जुनं उदाहरण आयसोप्रोपिल ॲक्रिलअमाइड आणि ब्यूटिल ॲक्रिलअमाइडच्या कणांचं. २००७ मध्ये सारा लिन्से आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचे तंतू लवकर आणतात. २००८ मध्ये त्याच घराण्यातले कण ॲमिलॉइड बीटाला उशीर करतात असं दिसलं. म्हणून एका प्रथिनावरचा निकाल दुसऱ्यावर चिकटवू नये. इन्सुलिनवर चाललं म्हणून अल्झायमरचा उल्लेख प्रस्तावनेत घुसडणं बंद झालं तर बरं.

तंतूवाद्य

'सल्फेट टांगून बघू' असं कुणी सुचवायच्या आत: भार असलेली साखर हे वेगळंच प्रकरण आहे. हेपरिनसारखी सल्फेटधारी लांब साखळी अनेक प्रथिनांचे तंतू उलट घडवून आणते. २००९ मध्ये समीर माजी आणि सहकाऱ्यांनी, माजी आता पवईच्या आयआयटीत आहेत, पेप्टाइड हार्मोन पेशीत ॲमिलॉइडसारख्या रूपात साठवले जातात असं मांडलं, त्यात बऱ्याच हार्मोनांना तंतू करायला कमी वजनाचं हेपरिन दिलं होतं. दुसऱ्या बाजूला जपानमध्ये योशिको मिउरा यांच्या गटाने सल्फेट लावलेलं एन-असिटाइल ग्लुकोसामाइन टांगलेल्या पॉलिमरने ॲमिलॉइड बीटा अडवल्याचं दाखवलं. दोन्ही खरं असू शकतं: साखळीची लांबी, भारांची दाटी, मधलं अंतर यावर उलटसुलट होतं.

पण तुमच्या बफरमध्ये सल्फेट दोन कारणांनी नको. पीएच दोनच्या आसपास इन्सुलिनवर धन भार, त्यामुळे ऋण पॉलिमर त्याच्याशी लगेच गाठी करतो, द्रावण गढूळ होतं, सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसतं, आणि ते ॲमिलॉइड नसतं. शिवाय गरम आम्लात सल्फेट एस्टर सुटतो. टीएचटी स्वतः धनभारी असल्याने तोही ऋण पॉलिमरवर जाऊन चिकटतो, मग तंतू नसतानाच पार्श्वभूमीचा सिग्नल वर.

यावरूनच, तुमचा ग्लुकोनामाइडसुद्धा ६० अंश आणि या आम्लात किती टिकतो? नुसता पॉलिमर प्रयोगाएवढा वेळ तिथे ठेवा, डायलिसिस करा, एनएमआर काढा. अमाइड तुटून साखर गळली असेल तर साखरेच्या ३.५ ते ४.४ पीपीएमच्या भागाचं क्षेत्रफळ कण्याच्या मेथिलच्या मानाने घटेल.

धीमी_लोकल

तयार तंतूंवर पॉलिमर घालून पाहिला. चमक मिनिटभरातच पडली, बफरच्या खणात नाही. एचपीएलसीतही पॉलिमर असताना आणि नसताना उरलेलं इन्सुलिन सारखंच. म्हणजे निकाल गेला.

टोक काढून, हलवणं बंद करून पुन्हा लावतो. पण इन्सुलिन पीएच ७.४ ला न्यायचं की सरळ ॲमिलॉइड बीटावर जायचं? मेडिकलमधली इन्सुलिनची बाटली चालेल का, ती पटकन मिळते.

दारात_उभा

बाटली नको. त्यात मेटाक्रेसॉल किंवा फिनॉल, ग्लिसरॉल आणि झिंक असतं. झिंक आणि फिनॉल मिळून इन्सुलिनचे षट्क (सहा-सहा रेणूंचे गट) बांधून ठेवतात; औषध टिकावं म्हणूनच ते घातलेलं असतं, आणि तुम्हाला नेमकं ते मोडायचं आहे. शिवाय १०० युनिटच्या बाटलीत साधारण ३.५ मिग्रॅ प्रति मिलीच. कोरडी पावडर घ्या, १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवा, मग ७.४ च्या फॉस्फेटमध्ये आणा आणि १ मिलिमोलर ईडीटीए घाला म्हणजे पावडरीतलं झिंक बांधलं जाईल. पीएच वर नेताना पाचच्या आसपास रेंगाळू नका, तिथे दही होतं. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मगच प्रमाण मोजा. ३७ अंशांवर हे दिवसांच्या हिशेबात चालतं, तासांच्या नाही, म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड हवं, नाहीतर चौथ्या दिवशी जे गढूळ दिसेल ते ॲमिलॉइड नसून जिवाणू असतील.

२० टक्के ॲसिटिक ॲसिडची पद्धत टाकून द्या असं मात्र म्हणणार नाही. तिथे इन्सुलिन बहुतांशी एकेकटं असतं, काही तासांत उत्तर मिळतं, दहा पॉलिमरांतून दोन निवडायला ती बरी. निवडीपुरतीच.

तंतूवाद्य

मी तर निवडीलाही वापरणार नाही, दहा पॉलिमर आम्लात सारखे टिकतच नाहीत तर निवड कसली. असो.

ॲमिलॉइड बीटा ४२ वर जायचं तर पेप्टाइड शुद्ध करण्यावरच सगळं आहे. हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपॅनॉलने उडवून, डीएमएसओत घेऊन थेट प्लेटमध्ये टाकलं की दर बॅचला वेगळा लॅग येतो, कारण आत आधीच लहान गोळे असतात. १ मिग्रॅ पेप्टाइड ६ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडमध्ये, २० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ८.५. मग सुपरडेक्स ७५ कॉलमवर, २० मिलिमोलर फॉस्फेट पीएच ८, ०.२ मिलिमोलर ईडीटीए, ०.०२ टक्के अझाइड. एकेकट्या पेप्टाइडचं शिखर बर्फावर धरा आणि शिखराचा मधलाच भाग घ्या, शेपटीत ग्वानिडीन येतं. २८० ला गुणांक १,४९० धरा, कारण टायरोसिन एकच. त्याच दिवशी वापरा. ३ मायक्रोमोलर, ८० मायक्रोलिटर, पीईजीचा लेप असलेली अर्ध्या क्षेत्रफळाची काळी प्लेट, खालून वाचन, न हलवता, ३७ अंश. पॉलिमर आणि प्लेट दोन्ही आधीच बर्फावर ठेवा, रीडर आधीच तापवून ठेवा. पहिल्या चार खणांत आणि शेवटच्या चार खणांत वेळेचा फरक पडला तर तो लॅगमध्ये दिसतो. प्रत्येक प्रमाणाचे चार खण.

पॉलिमर कुठे अडवतो ते बीज घालून वेगळं करता येतं. आधी केलेले तंतू १ ते ५ टक्के घातले तर पहिलं बीजन ओलांडलं जातं आणि तंतूच्या कडेवरचं दुय्यम बीजन दिसतं. २० ते ३० टक्के घातले तर सुरुवातीचा उतार म्हणजे जवळजवळ नुसती टोकांची वाढ. तीन वक्रांत पॉलिमर कुठल्या एकातच फरक पाडतो ते बघा. निखिल जाना यांच्या कोलकात्यातल्या गटाने २०१७ मध्ये पॉली-ट्रेहॅलोजचे नॅनोकण ॲमिलॉइडवर आणि हंटिंग्टनच्या उंदरांवर वापरून दाखवले, ते काढून वाचा. फक्त ते कण आहेत, तुमची सुटी साखळी आहे. कणाच्या पृष्ठभागाचा हिशेब साखळीला लागू होत नाही.

टीईएमचा नंबर आता लावलात तरी चालेल, पवईच्या सैफमध्ये (आयआयटीतलं सामाईक यंत्रांचं केंद्र) वेळ मिळायला लागतोच. फॉस्फेटमधला नमुना सरळ ग्रिडवर ठेवून युरेनिल ॲसिटेट घालू नका, युरेनिल फॉस्फेटचा काळा कचरा बसतो आणि तो तंतूंवर ठिपक्यांसारखा दिसतो. ५ मायक्रोलिटर नमुना एक मिनिट, कागदाने कडेने टिपा, पाण्याचे दोन थेंब, मग २ टक्के युरेनिल ॲसिटेट अर्धा मिनिट. पॉलिमर १ मिग्रॅ प्रति मिली असेल तर ग्रिडवर साखरेचा पापुद्रा सुकतो आणि खाली तंतू असूनही दिसत नाहीत. नमुना वीस पट पातळ करून आणखी एक ग्रिड ठेवा, आणि पॉलिमर नसलेला नमुनाही वीस पट पातळ करूनच.

धीमी_लोकल

सेंट्रिफ्यूजनंतर खाली बसलेलं पाण्याने एकदा धुऊन तेच ग्रिडवर ठेवलं तर पापुद्रा टळेल ना?

तंतूवाद्य

टळेल, पण मग खाली न बसणारे लहान गोळे वरच्या द्रवात राहतील आणि फोटोत नुसते लांब तंतूच येतील. पॉलिमर असताना नेमके तेच गोळे वाढण्याची शक्यता असते. वरच्या द्रवाचंही एक ग्रिड करा आणि त्याच द्रवावर डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार) घ्या. सुटं इन्सुलिन असेल तर एक ते तीन नॅनोमीटरच्या त्रिज्येत दिसेल, गोळे असतील तर दहाच्या पुढे. पॉलिमरची स्वतःची त्रिज्या आधी मोजून ठेवा, ती इन्सुलिनच्या जवळच येईल.